मापाड्याचा शनिवार

कुंभलकर मॅडम म्हणाल्या, शनिवारी या.
खैरटोल्याच्या शाळेत त्या एकट्या,
वर्ग चार, पोरं तेवीस,
म्हणून दर शनिवारी कोणाचा तरी बाप, कोणाची आई.
मागच्या खेपेला बारापात्रेच्या बायकोनं गाठी शिकवल्या,
अन् धुर्व्याची गाय आठवड्यात दोनदा
सुटून कुहीच्या रस्त्याला लागली.

मी म्हटलं, मॅडम, मी कळमन्याचा मापाडी,
चौथीत याच खोलीतून उठलो तो उठलोच.
त्या म्हणाल्या, मग चौथी पूर्ण करायला या.

रात्री संघमित्रा हळूच म्हणाली,
बाबा, मिरचीचा शर्ट नका घालू.
दोनदा धुतला. तरी पहिली रांग शिंकली,
मग दुसरी, मग मॅडम.
पोरगी फरशीकडे पाहत राहिली.

जुना तराजू बसनं आणला होता,
कंडक्टरनं त्याचंही तिकीट फाडलं.
व्हरांड्याच्या कडीला टांगला,
म्हटलं, आधी हातानं. डोळे मिटा. मग काट्यानं.
डस्टर, वांगं, डाव्या पायाची चप्पल.
इतिहासाचं पुस्तक वांग्याहून हलकं निघालं,
त्यावर बराच वेळ वाद झाला.
पंकज धुर्वे, ज्याचा पाढा सातापुढे जात नाही,
त्यानं विटेचं वजन सांगितलं,
पन्नास ग्रॅम इकडे तिकडे.
एवढा नेम मला यायला सहा वर्षं लागली होती.

मग मागून एकीनं विचारलं,
काका, काटा खोटा बोलते का?

काटा नाही बोलत बाई.
अन् मग दाखवलंच सगळं :
पारड्याखालचं चुंबक, घासलेलं वजन,
पासंगाचा खेळ, दांडीवर टेकलेली करंगळी,
टेकली न टेकली अशी.
हे कुठं शिकलो ते कोणी विचारलं नाही.
एका हंगामात, अडत्याच्या एका नजरेवर,
माझी करंगळी किती भारी झाली होती
ते मी सांगितलं नाही.
संघमित्रा आता फरशीकडे पाहत नव्हती.

तराजू तिथंच राहिला. पुढच्या शनिवारी नेऊ म्हटलं.

बुधवारी खिचडीचा तांदूळ आला.
मी नव्हतो, ऐकलेलं सांगतो.
पोरांनी पोतं उसवलं,
पाच पाच किलोनं मोजायला बसले,
भिंतीवर खडूच्या रेघा.
गाडीवाला म्हणाला, सरका बे पोट्टेहो, उशीर होऊन रायला.
कोणी सरकलं नाही.
नऊ रेघा झाल्या, अन् खाली उरला पसाभर.
पोत्यावर छापलेलं पन्नास.
पंकज म्हणे, मी उचलतानाच म्हटलं होतं.

मॅडमनी पेन उघडला, बंद केला.
शेवंताबाई चूल सोडून उठल्या,
दुसऱ्या पोत्याची शिवण त्यांनीच ओढली.
मग रजिस्टरात शाईनं लिहिलं गेलं :
शेहेचाळीस. दुसरं, पंचेचाळीस.

गुरुवारी पानठेल्यावर कोणीतरी विचारलं,
काय शिकवलं बे तू पोट्ट्यायले?
वजन, म्हटलं.
तो हसला नाही. मीही नाही.
मॅडमला फोन आला म्हणतात, वरून.
त्या शुक्रवारीही वेळेवर आल्या,
शनिवारी कोण येणार ते फळ्यावर लिहिलं,
अन् खाली : तराजू राहू द्यावा, ही विनंती.

त्या रात्री जेवण झाल्यावर
संघमित्रा म्हणाली, बाबा, करंगळी द्या.
तळहातावर घेतली तिनं,
डोळे मिटले, मी शिकवले तसेच.
बाहेर कुत्रं भुंकून थांबलं.
बऱ्याच वेळानं तिनं हात सोडला.
आकडा सांगितला नाही.
मी विचारला नाही.